पित्त, बिब्बा आणि मेंदूतली गाठ

रोगाला नाव मिळाले की निम्मे दुखणे हलके होते, असा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. डॉक्टर नळी गळ्यात अडकवून एखादे लांबलचक नाव उच्चारतात आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु नाव कळणे म्हणजे रोग कळणे नव्हे. एका नावाच्या छपराखाली दोन अगदी निराळे रोग सुखाने नांदत असतात. गेल्या दीडशे वर्षांतले वैद्यक वाचू लागलो म्हणजे मला असे वाटते की, त्याच्या पराक्रमाचा मोठा भाग नवी औषधे शोधण्यात नसून अशी नावे फोडण्यात आहे. त्यातल्या दोन कथा येथे सांगाव्या म्हणतो. एक कातडीची आहे आणि दुसरी मेंदूची. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल अशी शंकाही येऊ नये. पण एकाच जातीच्या खटपटीतून त्या निघाल्या आहेत, आणि शेवटी एका अनपेक्षित वळणावर त्या एकमेकींना भेटतातही.

आधी कातडीची. अंगावर पित्त उठले की घरोघर आमसुलाचा कोळ लावतात. गांध्या उठतात, खाज सुटते आणि चार घटकांत सारे मावळते. बिब्बा उतला तर मात्र गोष्ट वेगळी. बिब्ब्याचे तेल लागले त्या दिवशी बहुधा काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी सुजते, फोड येतात, पाणी सुटते आणि पुढे आठवडा-पंधरवडा माणूस हैराण होतो. आपल्या आज्यांनी या दोहोंना दोन नावे दिली आणि एकीचा उपाय दुसरीला लावला नाही. गंमत अशी की युरोपातल्या विद्येने प्रथम हे दोन्ही एका नावात घातले आणि मग पुन्हा वेगळे काढायला तिला कित्येक वर्षे लागली.

हे वेगळे काढणे शक्य झाले ते रंगांमुळे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचे क्विनाइन कृत्रिम रीतीने बनवायला बसला होता. क्विनाइन काही झाले नाही; भांड्याच्या तळाशी जांभळा रंग मात्र सापडला. त्यातून डांबरापासून रंग काढण्याचा मोठा धंदा उभा राहिला आणि जर्मनीत तर रंगांच्या कारखान्यांची रांगच लागली. कापडासाठी निघालेले हे रंग लवकरच वैद्यांच्या हाती पडले. सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचा पातळ काप ठेवला तर तो बहुतेक पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. रंगात बुडवला की त्यातली एक वस्तू रंग धरते, दुसरी धरत नाही, आणि जे एकसारखे वाटत होते त्यात भेद दिसू लागतो.

या खेळाचे वेड लागलेला एक विद्यार्थी म्हणजे पॉल एर्लिख. १८७८ साली लाइपझिगच्या विद्यापीठाला दिलेल्या आपल्या प्रबंधात त्याने एका चमत्कारिक पेशीचे वर्णन केले. तिच्या पोटात दाण्यांची गर्दी असे आणि ते दाणे दिलेल्या रंगाची छटाच बदलून टाकत. या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेने आढळत. खाऊन खाऊन त्या फुगल्या असाव्यात अशा समजुतीने त्याने त्यांना ‘मास्ट’ पेशी, म्हणजे खाऊन पुष्ट झालेल्या पेशी, असे नाव दिले. समजूत चुकीची होती, नाव टिकले. त्या दाण्यांत काय भरले आहे हे जगाला कळायला पाऊणशे वर्षे जावी लागली.

मध्यंतरी १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने ‘अॅलर्जी’ हा शब्द बनवला. घटसर्पाची लस, म्हणजे घोड्याच्या रक्तातला रस, टोचलेल्या काही मुलांना पुरळ आणि ताप येई, आणि दुसऱ्यांदा टोचले तर तो अधिक लवकर येई. शरीर एकदा भेटलेल्या वस्तूला दुसऱ्या वेळी निराळ्या रीतीने उत्तर देते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. शब्द सोयीचा होता. त्यात पित्तही मावले आणि बिब्बाही मावला.

मग फोड सुरू झाली. १९२१ साली ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफमध्ये, कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोघांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनरला मासा खाल्ला की पित्त उठे. प्राउस्निट्झला मासा खुशाल पचे. क्यूस्टनरच्या रक्तातला रस प्राउस्निट्झने आपल्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे गांधी उठली! एका माणसाची खोड दुसऱ्याच्या कातडीत उतरली होती. रक्तरसात काहीतरी आहे हे ठरले. ते ‘काहीतरी’ म्हणजे कोणता प्रतिद्रव्याचा प्रकार, हे १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने दाखवले. स्वीडनमधल्या संशोधकांनाही स्वतंत्रपणे तेच सापडले आणि १९६८ साली त्याला ‘आय-जी-ई’ हे नाव मिळाले. हे प्रतिद्रव्य जाऊन चिकटते कोठे? एर्लिखच्या त्या पुष्ट पेशींनाच. आणि त्यांच्या दाण्यांत हिस्टामिन भरलेले असते, हे ब्रिटनमधील रायली आणि वेस्ट यांनी १९५३ च्या सुमारास सिद्ध केले होते. मासा पोटात जातो, प्रतिद्रव्य त्याला ओळखते, पेशी आपले दाणे बाहेर फेकते, हिस्टामिन पसरते आणि गांधी उठते. म्हणूनच पित्ताला उठायला काही मिनिटे पुरतात.

आता बिब्बा. १८९५ साली त्याच ब्रेस्लाउच्या योझेफ याडासोन याने पाऱ्याच्या मलमाने ज्यांची कातडी सुजली होती अशा रोग्यांच्या चांगल्या कातडीवर त्या मलमाची पट्टी ठेवून पाहिली. एका दिवसाने पट्टीखालची जागा लाल झाली. आजही कातडीचे डॉक्टर पाठीवर ज्या पट्ट्या चिकटवतात त्यांचा हा मूळपुरुष. परंतु या रोगात रक्तरस टोचून काही साधेना. १९४२ साली रक्तगटांचा शोध लावणारा कार्ल लँडस्टायनर आणि त्याचा सहकारी मेरिल चेस यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले की, ही खोड एका प्राण्यातून दुसऱ्यात न्यायची तर रस नव्हे, जिवंत पेशीच टोचल्या पाहिजेत. पित्ताचा निरोप रसातून जातो. बिब्ब्याचा निरोप पांढऱ्या पेशी स्वतःच्या पायांनी घेऊन जातात, आणि त्यांना जमायला दोन दिवस लागतात.

याच सुमारास दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर कपड्याच्या खुणेएवढे चट्टे उठू लागले. शोध घेता ते परटाच्या खुणेचे निघाले. परीट कपड्यावर जी काळी खूण करतो ती बिब्ब्याच्या रसाची! १९४३ साली त्यावर अमेरिकन वैद्यकीय मासिकात लेखही आला. आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याच्या चिकाने आणि काजूच्या तेलाने त्याचे हात-ओठ भाजलेले असतात. पुढे १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या माळावर गाजर गवत दिसू लागले आणि १९७० नंतर तेथल्या डॉक्टरांनी त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली. तोंडावर, मानेवर, हातांवर कातडी जाड होऊन खाजत राहणारे कितीतरी शेतकरी ते आपले नशीब समजून बसले होते.

या फोडीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग रोकडा आहे. हिस्टामिनला अडवणारी गोळी पित्ताला उतार देते. बिब्ब्याच्या किंवा गाजर गवताच्या फोडांना तिच्यापासून फारसे काही मिळत नाही. तेथे कारण शोधून ते दूर करणे हाच खरा उपाय. दोन्ही रोगांना ‘अॅलर्जी’ म्हणून एकच गोळी देत बसले तर त्या शेतकऱ्याने गवत उपटत राहावे आणि गोळ्या खात राहावे, एवढेच होणार.

मेंदूची कथा याहून गंभीर आहे. मज्जापेशींच्या मधल्या जागेत जे भरण आहे त्याला १८५६ साली जर्मन पंडित रुडोल्फ फिर्खो याने ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेची खळ, असे नाव दिले. खळ म्हटल्यावर तिच्याकडे कोण पाहणार? पण मेंदूत वाढणाऱ्या पुष्कळशा गाठी या खळीतूनच निघतात. त्यांनाही मग ‘ग्लायोमा’ हे एकच नाव मिळाले. १८८४ च्या नोव्हेंबरात लंडनला रिकमन गॉडली याने एका पंचविशीतल्या स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडून अक्रोडाएवढी अशी गाठ बाहेर काढली. गाठ नेमकी कोठे असेल हे डॉ. ह्यूज बेनेट याने हातापायांच्या लक्षणांवरून आधीच सांगितले होते. विजय मोठा होता, परंतु महिन्याच्या आत जखम चिघळून तो तरुण गेला.

गाठीचे मूळ समजायचे तर आधी खळ समजली पाहिजे, आणि तेथे पुन्हा रंग धावून आले. या वेळी चांदीचे. इटलीतल्या कामिल्लो गोल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षाराने मेंदूचा काप रंगवला. हजारांतल्या थोड्याच पेशी रंग धरत, पण ज्या धरत त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याभोर उमटत. स्पेनच्या सांतियागो रामोन इ कहालने त्याच रीतीने मेंदूचे सारे रान रेखाटले आणि १९०६ साली, म्हणजे ‘अॅलर्जी’ शब्द जन्मला त्याच साली, दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मज्जापेशी आणि ताऱ्यासारख्या ग्लिया पेशी सोडून जे उरले त्याला कहालने ‘तिसरा घटक’ म्हणून एकच नाव दिले होते. त्याच्याच छत्राखाली काम करणाऱ्या पीओ देल रिओ-ओर्तेगाने चांदीची नवी रीत काढून १९१९ ते १९२१ च्या दरम्यान दाखवले की, हा तिसरा घटक एक नसून दोन आहेत: एक मेंदूची राखण करणारी सूक्ष्म पेशी आणि दुसरी मज्जातंतूंना वेष्टन देणारी. गुरूला हे रुचले नाही. १९२० साली शिष्याला ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनमधल्या यादवीने त्याला देशही सोडायला लावला आणि १९४५ साली दूर ब्वेनोस आयरेसला तो वारला. कादंबरीकाराला मोह पडावा असे हे आयुष्य. पण त्याने फोडलेले नाव मात्र पुन्हा कोणाला जोडता आले नाही.

ही रंगविद्या अटलांटिक ओलांडून बॉस्टनला गेली. तेथे हार्वे कुशिंग मेंदूच्या शस्त्रक्रिया करी आणि काढलेली प्रत्येक गाठ, रोग्याचे टिपण आणि पुढली हकीगत जपून ठेवी. पर्सिव्हल बेलीने या साठ्यातल्या गाठी पुन्हा रंगवून तपासल्या आणि १९२६ साली दोघांनी मिळून ग्लायोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात केवळ जाती नव्हत्या. कोणत्या जातीचा रोगी शस्त्रक्रियेनंतर किती जगला याचा हिशेबही होता. लहान मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या दोन गाठी बाहेरून सारख्याच दिसत, डोकेदुखी आणि ओकारीही सारखीच. पण एक पूर्ण काढली तर पोर वर्षानुवर्षे जगे, दुसरी पुन्हा पुन्हा उगवे. आईबापांना काय सांगायचे, हे पहिल्यानेच डॉक्टरच्या हातात आले. ती दुसरी गाठ किरणांना दबते हेही लक्षात आले, आणि आज शस्त्रक्रिया, किरण व औषधे मिळून तिच्यातून बरीच मुले वाचतात. कुशिंगचा तो साठा २०१० सालापासून येल विद्यापीठात लोकांना पाहण्यासाठी मांडला आहे.

मोठ्या माणसांत आढळणाऱ्या सर्वांत दुष्ट गाठीला या जोडीने ‘ग्लायोब्लास्टोमा मल्टिफॉर्मे’ म्हटले. मल्टिफॉर्मे म्हणजे बहुरूपी. नाव किती अचूक होते हे कळायला २०१४ साल उजाडले. त्या वर्षी बॉस्टनमध्येच संशोधकांनी पाच रोग्यांच्या अशा गाठींतल्या ४३० पेशी एकेक करून वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीत कोणती जनुके जागी आहेत ते वाचले. ज्या जाती निरनिराळ्या रोग्यांत असतात असे समजत होते, त्या एकाच रोग्याच्या एकाच गाठीत शेजारी शेजारी बसलेल्या आढळल्या. आम्हा शाळामास्तरांना याचे नवल वाटू नये. हजेरीपटावर वर्गाचे नाव एक असते. पण छडीला एक भितो, दुसरा हसतो आणि तिसरा शाळाच सोडतो. औषधाने गाठीतल्या एका जातीच्या पेशी मरतात, दुसरी जात तग धरते आणि गाठ पुन्हा वाढते. २००५ साली किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध देऊन पाहिले, तेव्हा रोग्यांचे मध्यम आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने! ज्याच्या घरी हा रोग येतो तोच या अडीच महिन्यांचे मोल जाणतो. पण एवढ्या शंभर वर्षांच्या खटपटीचे फळ इतके तोकडे का, याचे एक मोठे उत्तर त्या ४३० पेशींत आहे.

येथे दोन्ही कथा भेटतात. १९९० नंतर निरनिराळ्या देशांत रोग्यांच्या चौकशा करताना असे दिसू लागले की, ज्यांना दमा, इसब किंवा अन्य अॅलर्जी आहे त्यांच्यात ग्लायोमा कमी आढळतो. २००७ साली अशा अनेक पाहण्या एकत्र केल्या तेव्हा हा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला. शंका घेणाऱ्यांनी रास्तपणे म्हटले की, गाठच शरीराची प्रतिकारशक्ती दाबून अॅलर्जी झाकत असेल. शिवाय मेंदूच्या रोग्याच्या आठवणीवर किती विसंबायचे? तेव्हा नॉर्वेत वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेल्या रक्तरसांत, रोग होण्याच्या कितीतरी आधीचे ‘आय-जी-ई’ मोजण्यात आले. २०१२ साली आलेल्या त्या निष्कर्षांतही, विशेषतः स्त्रियांत, तोच कल दिसला. कारण अजून पक्के नाही. सदा सावध असलेली प्रतिकारशक्ती बिघडलेली पेशी वेळीच टिपत असेल, असा तर्क आहे. म्हणून कोणी अंगावरच्या पित्ताला कवचकुंडले समजू नये. ग्लायोमा मुळातच विरळा, आणि अॅलर्जी असलेल्यालाही तो होतो.

मला या इतिहासात धीर देणारी गोष्ट दिसते ती वेगळीच. यातल्या कोणालाही आपण काय साधणार आहोत हे ठाऊक नव्हते. पर्किनला क्विनाइन हवे होते, एर्लिखला रंगांचे वेड होते, आणि प्राउस्निट्झने तर स्वतःचीच कातडी पुढे केली. त्यांनी केले ते एवढेच, की एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले. त्या पाहण्यानेच पित्ताला गोळी मिळाली, गाजर गवताने गांजलेल्याला त्याचे कारण मिळाले, आणि लहान मेंदूत गाठ असलेल्या पोरांपैकी बरीचशी घरी परतली. बहुरूपी गाठीचा दिवस अजून उगवायचा आहे. तो उगवेल तेव्हा तिच्यावर एक औषध नसेल. तिच्यात जितकी रूपे, तितकी उत्तरे कोणीतरी धीराने एकेक करून लिहून काढलेली असतील.