दर्यावर निशाण कुणाचं?



आज बोलायचंय निशाणाबद्दल आणि शिक्क्याबद्दल. शिक्का म्हटला की आपल्याला बचत गटाचा रबरी शिक्का आठवतो, बँकेच्या कागदावर मारायचा तो. तो अध्यक्षांच्या घरी ठेवायचा की सचिवांच्या, यावरून किती गटांत रुसवेफुगवे झालेत ते तुम्हाला ठाऊक आहे. शिक्का ज्याच्या हाती त्याचा शब्द चालतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हेच भांडण तीनशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर तोफा डागून झालं.

आपण निडीच्या, रोह्याच्या, नागोठण्याकडच्या बायका. समुद्र आपल्याला रोज दिसत नाही. पण आपली कुंडलिका खाली रेवदंड्याला जाऊन समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एका अंगाला रेवदंड्याचा कोट आणि दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला. दोन्ही पोर्तुगिजांचे. रेवदंड्याच्या वेशीवर त्यांच्या राजाचं चिन्ह दगडात कोरलेलं आहे. आणखी दक्षिणेला मुरूडचा जंजिरा सिद्दीचा. त्याच्या दरवाजापाशी दगडात एक वाघासारखं जनावर आहे आणि त्याने पंजांत हत्ती धरून ठेवलेत. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, इथे कुणाचा जोर आहे ते. निशाणाचं काम हेच. लांबून, एका नजरेत, न बोलता सांगायचं.

समुद्रावर तर याची जास्तच गरज. तिथे ना वेस, ना बांध, ना सातबारा. समोरून येणारं गलबत आपलं की परक्याचं, ते डोलकाठीवरच्या कापडावरून ओळखायचं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून नियमच केला होता की त्यांचा परवाना घेतल्याशिवाय कुणी व्यापारी जहाज हाकायचं नाही. म्हणजे पाणी आपल्या देशाचं, आणि दाखला त्यांचा!

हे उलटं फिरवलं कान्होजी आंग्र्यांनी. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला हे त्यांचं ठाणं. आपला जिल्हासुद्धा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता, तुमच्यापैकी ज्यांचा जन्म त्याआधीचा, त्यांच्या जुन्या दाखल्यावर तेच नाव असेल. कान्होजींचा हुद्दा सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य. त्यांनी सांगितलं, या पाण्यातून व्यापार करायचाय ना, मग आमचं दस्तक घ्या. दस्तक म्हणजे परवान्याचा कागद, त्यावर शिक्का. ज्याच्याकडे दस्तक तो निर्धास्त जाईल, ज्याच्याकडे नाही त्याचं जहाज धरलं जाईल. मुंबईचे इंग्रज दस्तक घ्यायला तयार नव्हते. त्यांच्या कंपनीचं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं निशाण होतं आणि ते पाहून सगळ्यांनी वाट सोडावी अशी त्यांची अपेक्षा होती.

१७१२ साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची एक शस्त्रसज्ज नौका कारवारला निघाली. तिच्यावर कंपनीचा चाऊन नावाचा एक नोकर आणि त्याची बायको कॅथरीन होती. विशीही न गाठलेली पोर. आधी एका म्हाताऱ्या माणसाशी लग्न लावून दिलेलं, तो वारला, मग हे दुसरं लग्न. आंग्र्यांच्या जहाजांनी नौका गाठली, लढाई झाली, त्यात तिचा नवरा मारला गेला. ती गरोदर होती. तिला कुलाब्याला कैदेत ठेवलं आणि पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन सोडलं. मुंबईला परतल्यावर तिला मुलगा झाला. इंग्रजांच्या पुस्तकांत ही गोष्ट चाच्यांच्या क्रूरपणाची म्हणून येते. आपल्याकडे कान्होजींची कीर्ती सांगताना ती बहुतेक गाळतात. मला वाटतं दोन्हींकडे तिच्यावर अन्यायच झाला. कुणाचं निशाण कुणी मानायचं हे ठरवणाऱ्यांत ती नव्हती, भोगायला मात्र ती होती.

त्या सुटकेच्या वेळी, १७१३ साली, कान्होजी आणि इंग्रजांत तह झाला. त्यातलं एक कलम ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फक्त इंग्रज व्यापाऱ्यांच्याच जहाजांवर इंग्रजी निशाण लागेल, याची हमी इंग्रजांनी द्यायची. का बरं असं? कारण निशाण उसनं घेता येत होतं. दुसऱ्याचा माल असायचा, वर इंग्रजी कापड फडकवलं की दस्तकाचे पैसे वाचले. आपल्या गटाच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी कर्ज उचलावं, तसलाच प्रकार.

तह फार टिकला नाही. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन थेट कुलाब्यावर चाल केली, तीही फसली. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर त्यांना कुणी हरवू शकलं नाही. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले. चाचा म्हणजे ज्याला कुणाचं निशाण नाही असा लुटारू. पण कान्होजींचा शिक्का पाहा. त्यात आधी छत्रपती शाहूंचं नाव, मग वडील तुकोजींचं, मग स्वतःचं सरखेल म्हणून. आपण कुणाच्या वतीने दर्या राखतो ते त्या शिक्क्यातच लिहिलेलं होतं. इंग्रजांना ते मानायचं नव्हतं, एवढंच.

(जाता जाता, शिवाजी महाराजांच्या मुद्रेत शहाजीराजांचं नाव, कान्होजींच्या मुद्रेत तुकोजींचं. आईचं नाव दोन्हींत नाही. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. किती काळ लागला बघा.)

आंग्र्यांचा शिक्का बंद पडला तो लढाईत नव्हे, कागदावर. घराण्यात औरस वारस उरला नाही, दत्तकाला इंग्रजांनी मंजुरी दिली नाही आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झालं. झाशीच्या राणीची गोष्ट आपल्याला पाठ असते. तसंच आपल्या उशाशी, अलिबागला, तिच्याही आधी घडलं होतं.

त्यानंतर आपल्या पाण्यावर इंग्रजी आरमाराचं पांढरं निशाण आलं. पांढऱ्यावर तांबडा उभा-आडवा क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात त्यांचा झेंडा. हा क्रूस इंग्लंडच्या संत जॉर्जचा. २६ जानेवारी १९५० ला आपलं नौदल भारतीय नौदल झालं, कोपऱ्यातला इंग्रजी झेंडा गेला, तिरंगा आला. क्रूस मात्र राहिला, आणि पन्नासहून जास्त वर्षं राहिला. २००१ मध्ये तो काढला आणि पांढऱ्यावर नौदलाचं निळं चिन्ह ठेवलं. पण समुद्रावर अडचण झाली. निळं चिन्ह आभाळात आणि पाण्यात मिसळून जायचं, लांबून दिसायचंच नाही. आणि न दिसणारं निशाण कसलं निशाण? म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला, मधोमध अशोकस्तंभाचं चिन्ह घेऊन.

अखेर २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला, विक्रांत ही युद्धनौका नौदलात दाखल झाली त्या दिवशी, पंतप्रधानांनी नवं निशाण फडकवलं. कोपऱ्यात तिरंगा. बाजूला निळा अष्टकोन, त्याला सोनेरी दुहेरी किनार, आत नांगरावर राजचिन्ह आणि खाली वरुण आमचं कल्याण करो या अर्थाचं ब्रीद. ती अष्टकोनी किनार घेतली आहे शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून. राजमुद्रा आठ बाजूंची होती. नौदलाच्या म्हणण्याप्रमाणे आठ बाजू म्हणजे आठ दिशा.

आता थोडं इंग्लंडला जाऊन येऊ. तिथे पोर्ट्समथ नावाचं आरमाराचं जुनं शहर आहे, जसं आपल्याकडे अलिबाग-मुंबई म्हणावं तसं. त्या शहराच्या चिन्हात निळ्यावर सोनेरी चंद्रकोर आणि आठ टोकांचा तारा आहे. खाली ब्रीद आहे, त्याचा अर्थ, आकाशीचा प्रकाश आमचा वाटाड्या. हे ब्रीद मुळात कशाचं? इंग्रजांनी १८६१ मध्ये हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांना आणि साहेबांना द्यायला 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा किताब काढला, त्याचं. पोर्ट्समथहून गोरं सैन्य जहाजांतून हिंदुस्थानात यायचं, त्या जहाजांवर याच किताबाची खूण असायची. किताब आता देत नाहीत, राज्यही गेलं, पण शहराने ते ब्रीद आपल्या चिन्हात ठेवलं. त्यांची खूण आपल्या निशाणावर २०२२ पर्यंत होती, आपल्याकडची त्यांच्या शहरावर अजून आहे. हा हिशेब कुणी बरोबरीचा म्हणेल, मी म्हणणार नाही. आपल्या नावाचा किताब त्यांनीच काढला, त्यांनीच वाटला आणि त्यांनीच मिरवला.

राजमुद्रेकडे परत येते, कारण तिच्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या काळी बहुतेक दरबारांचे शिक्के फारसीत असायचे, ही मुद्रा संस्कृतात आहे, आणि तिच्यात राज्याची वाढ प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी होवो अशी कल्पना आहे. ही झाली पत्राच्या माथ्यावरची मुद्रा. पण शिवकालीन पत्राच्या शेवटी आणखी एक छोटा शिक्का असायचा, मर्यादा मुद्रा. मजकूर इथे संपला, याखाली कुणी एक अक्षर वाढवलं तर ते आमचं नव्हे, असा तिचा अर्थ. आपण ठरावाच्या वहीत शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारतो आणि लगेच सह्या घेतो, ते याचसाठी. ज्या गटांत रेघ न मारता वही घरी जाते, त्यांनी ही मर्यादा मुद्रा जरूर आठवावी.

कुलाबा किल्ला पाहायचा असेल तर गटाची सहल काढा. निडीहून रोहा, रोह्याहून अलिबाग. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं. महादरवाजावर कोरलेले हत्ती, मोर आणि वाघ नीट बघा, लेकरांनाही दाखवा. फक्त निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसांना भरतीची वेळ विचारा आणि पाणी चढायच्या आत परत या.