ग्रंथपेटी ते व्हॉट्सअ‍ॅप : दिल्लीतील ग्रंथालये आणि वाचकाचा शोध

साहित्यकृतीच्या स्वीकाराचा विचार करताना लेखक, अनुवादक, समीक्षक यांची दखल आपण घेतो. ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या ग्रंथालयाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला वाचक मिळवून देण्याची जबाबदारी ग्रंथालयावर टाकते. समाजमाध्यमांमुळे आज चर्चेत आलेला प्रश्न त्यामुळे मुळात नवा नाही. साधने बदलत गेली, तसतसे ग्रंथालय आणि वाचक यांचे नाते कसे बदलले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

या इतिहासाचा एक आरंभबिंदू मराठी राजसत्तेच्या बडोद्यात सापडतो. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. फिरत्या ग्रंथपेट्या गावोगावी जाऊ लागल्या. पेटीने अंतराचा प्रश्न सोडविला. परंतु वाचकाला वाचकाशी जोडणे हे तिचे काम नव्हते.

ते काम दिल्लीत जाणीवपूर्वक हाती घेण्यात आले. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने उभारलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. फाळणीने विस्कटलेल्या, निर्वासितांनी गजबजलेल्या या शहरात हिंदी, उर्दू व इंग्रजी ग्रंथ एकाच छताखाली विनामूल्य उपलब्ध झाले. १९५३ पासून फिरते वाहनही सुरू झाले. त्याहून महत्त्वाचा होता तेथील समाजशिक्षण विभाग. व्याख्याने, चित्रपट, नाट्य आणि चर्चामंडळे यांद्वारे नवसाक्षरही ग्रंथालयाच्या परिघात आला. ‘सभासद’ या नोंदवहीतील नावाचे रूपांतर ‘मंडळी’त होण्याची ही प्रक्रिया होती.

समाजमाध्यमांची कसोटी याच ठिकाणी लागते. नव्या ग्रंथांची यादी फेसबुकवर टाकणे म्हणजे सूचनाफलक मोठा करणे होय. त्याने संवाद घडतोच असे नाही. याउलट, दिल्ली व गुरुग्राम येथे विनामूल्य ग्रंथालये चालविणाऱ्या ‘द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट’ने २०२० च्या टाळेबंदीत ‘दुनिया सबकी’ या उपक्रमाद्वारे कथांचे वाचन मुलांच्या घरातील भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचविले. दारे बंद असतानाही वाचनाचा धागा टिकला. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी असतो, तेथे मुलाचे वाचन वडीलधाऱ्यांच्या सवडीवर अवलंबून राहते, ही मर्यादाही नोंदवावी लागेल. माध्यम सार्वत्रिक वाटले तरी त्याची उपलब्धता समान नसते.

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार ज्या ग्रंथालयांकडे प्रकाशकांनी प्रत पाठवावयाची असते, त्यांत पुढे दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचाही समावेश झाला. म्हणजे मराठी ग्रंथाला राजधानीत येण्याचा मार्ग कायद्यानेच खुला केला आहे. मात्र कायदा ग्रंथ आणतो, वाचक आणू शकत नाही. करोलबागेपासून नोएडापर्यंत विखुरलेला मराठी वाचक आणि अनुवादातून मराठीकडे वळणारा हिंदी वाचक यांना एकत्र आणण्याची शक्यता समाजमाध्यमांत निश्चितच आहे. मूळ कृती आणि तिचा अनुवाद यांवर दोन भाषांतील वाचक एकाच ठिकाणी बोलू लागले, तर तौलनिक साहित्याभ्यासाला प्रत्यक्ष वाचनाची सामग्री लाभेल.

ही सामग्री टिकणार कशी, हा मात्र गंभीर प्रश्न आहे. फ्रँक गार्डनर यांनी लिहिलेला मूल्यमापन अहवाल युनेस्कोने १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणूनच १९५० च्या दशकातील दिल्लीच्या वाचकाविषयी आज आपण काही बोलू शकतो. आजची चर्चा खासगी कंपन्यांच्या संगणकांवर साठते आणि त्यांच्या धोरणानुसार नाहीशीही होऊ शकते. वाचकांची संमती घेऊन, त्यांची खासगी माहिती वगळून या संवादाचे जतन करणे हेही आता ग्रंथालयाचेच कर्तव्य मानले पाहिजे. अन्यथा आपल्या काळात ग्रंथ किती प्रसिद्ध झाले हे उद्याच्या अभ्यासकाला कळेल. ते कोणी आणि कसे वाचले, हे कळणार नाही.