शेजाऱ्याच्या शेतांतील अळी



धामणगांव रेल्वे हें नांवच सांगतें कीं, हें गांव रुळांच्या आधारानें वाढलें. १८६७ मध्यें लोहमार्ग नागपुरास पोहोंचला, आणि पुढें कित्येक वर्षें यवतमाळकडील कापूस बैलगाड्यांतून याच स्टेशनावर येत असे. कापसाचा व्यवहार जाणणाऱ्या माणसाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं: अळी धुरा ओळखीत नाहीं. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हां हें पुनः एकदां पटलें. एकानें फरदड ठेवावी, पऱ्हाटी वेळेवर उपटूं नये, आणि अळी मात्र शेजाऱ्याच्या बोंडांत शिरावी, असा तो प्रकार होता.

त्याच वर्षीं दुसऱ्या एका अळीनें महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धुमाकूळ घातला. तिच्या कुळाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

संगणकाची अळी म्हणजे स्वतःच्या प्रती काढीत, माणसाच्या मदतीवांचून, एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरणारी आज्ञावली. एखाद्या उपयुक्त आज्ञावलींत राहून गेलेली चूक हें तिचें बीळ. चूक ध्यानांत आली कीं कंपनी दुरुस्ती प्रसिद्ध करते. तिला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ म्हणतात. ठिगळ पुरविणें कंपनीचें काम. तें लावणें मात्र सर्व्हर सांभाळणाराचें. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या उपयोगी पडणारें सामायिक यंत्र. म्हणून त्याच्या रखवालदाराची हयगय त्याच्या एकट्यापुरती राहत नाहीं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेली अळी सुमारें ६,००० संगणकांत शिरली असा अंदाज आहे. न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. तेव्हां रखवालदारांना फारसा दोष देतां येत नव्हता. धोकाच नवा होता. पुढें ही सबब उरली नाहीं. ‘कोड रेड’ नांवाच्या अळीवरील ठिगळ १८ जून २००१ रोजीं निघालें होतें; एक महिन्यानें, १९ जुलैस, चौदा तासांच्या आंत तिनें साडेतीन लाखांहून अधिक यंत्रें ग्रासलीं. ‘स्लॅमर’वरील ठिगळ जुलै २००२ पासून उपलब्ध होतें. २५ जानेवारी २००३ रोजीं ती सुटली आणि दहा मिनिटांत, तिला बळी पडूं शकणाऱ्या यंत्रांपैकीं नव्वद टक्के तिच्या तावडींत सांपडलीं. गंमत अशी कीं, ज्या मायक्रोसॉफ्टनें ठिगळ पुरविलें, तिच्या स्वतःच्या जाळ्यांतील कांहीं यंत्रेंहि त्यांत होतीं!

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या छिद्रावर ठिगळ प्रसिद्ध केलें. १२ मे रोजीं त्याच छिद्रांतून ‘वॉनाक्राय’ अळी जगभर पसरली; ब्रिटनमधील रुग्णालयांना रोग्यांच्या हजारों भेटी रद्द कराव्या लागल्या. याहून स्पष्ट इशारा कोणता हवा होता? तरीहि २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’ आली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलींतून तिनें प्रवेश केला व मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचीं यंत्रें निकामी केलीं. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एक धक्का याच समूहाकडून चालविला जातो. तेथील काम खोळंबलें. कोणता कंटेनर कोणाचा, हें सांगणारें यंत्रच मुकें झालें. कोठें युक्रेन आणि कोठें न्हावाशेवा! कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले.

येथें रखवालदाराची बाजूहि ऐकली पाहिजे. तो म्हणतो, ठिगळ लावावयाचें तर यंत्र थांबवावें लागतें, आणि चालतें काम बंद ठेवण्यास मालक राजी नसतो. शिवाय ठिगळानेंच काम बिघडलें तर बोल मलाच. हें खोटें नाहीं. आणखी एक कडू सत्य असें कीं, नॉटपेट्या त्या हिशेबी आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीच्या वेषांतच आंत आली, आणि एकदां आंत शिरल्यावर यंत्राच्या स्मृतींतून परवलीचे शब्द चोरून ठिगळ लाविलेल्या यंत्रांतहि घुसली. तेव्हां ठिगळ म्हणजे रामबाण नव्हे. पण छत्री असूनहि माणूस कधीं भिजतो, म्हणून पावसाळ्यांत छत्री घरीं ठेवावी काय? ठिगळ आधीं दोनचार यंत्रांवर पारखावें, मग सर्वत्र लावावें. एका खोलींतील आग दुसरींत जाणार नाहीं अशी जाळ्याची विभागणी करावी. आणि दफ्तराची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवावी. मर्स्कला तारलें तें घाना देशांतील एका सर्व्हरनें. वीज गेल्यामुळें तो त्या घटकेस बंद होता, म्हणून वांचला. एवढ्या मोठ्या पेढीचें दैव वीज जाण्यावर अवलंबून राहावें, यांत शहाण्यानें समजावयाचें तें समजावें.

वऱ्हाडांतील जिनिंग कारखान्याचें उदाहरण घ्या. शेंकडों शेतांचा कापूस तेथें एकत्र येतो आणि सरकींत दडलेली अळीहि. म्हणूनच कारखान्याच्या आवारांत कामगंध सापळे लावा, असें कृषितज्ज्ञ सांगतात. सापळ्यानें कारखानदाराची रुई वाढत नाहीं. तो वांचवितो भोंवतालचीं शेतें. सर्व्हरच्या रखवालदाराचें कर्तव्य नेमकें याच जातीचें आहे. त्याला वेळ व अधिकार न देतां संकट आल्यावर त्यालाच दोष देणारा चालक मात्र अधिक दोषी होय.

आणि आपण घरोघरचे लोक? आपल्या मेजावरील संगणक दुरुस्तीची सूचना दाखवितो, आणि आपण ‘नंतर’ म्हणून ती बाजूला सारतों. तेवढ्यापुरती पऱ्हाटी आपल्याच शेतांत उभी राहिली, हें विसरूं नये.