मोर पाळणे : एका क्रियापदाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ मराठीत ‘पाळणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. माणूस जनावर पाळतो आणि नियमही पाळतो. मोराच्या बाबतीत माणसाने पहिला अर्थ अडीच हजार वर्षे आजमावला. त्यातून काय निष्पन्न झाले आणि हिवरे बाजारसारख्या गावाकडे पाहताना दुसरा अर्थ का आठवतो, याविषयी हा थ्रेड.

२/ मोर हा मूळचा भारतीय उपखंडातील पक्षी. त्याच्या परदेशगमनाची एक जुनी कथा बावेरु जातकात आहे. बावेरु म्हणजे बाबिलोन. व्यापारी तेथे प्रथम कावळा नेतात. पक्षी ठाऊक नसलेल्या त्या देशात त्याचाही थाट होतो. पुढच्या खेपेस ते चुटकीसरशी ओरडणारा व टाळीवर नाचणारा मोर नेतात आणि कावळ्याला कोणी विचारीनासे होते. ही टाळी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा ऐकू येणार आहे.

३/ इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये पिरिलाम्पीस नावाच्या धनिकाने मोर बाळगले होते. महिन्याच्या पहिल्या दिवशी ते सर्वांना पाहता येत आणि स्पार्टासारख्या दूरच्या राज्यांतूनही लोक येत. या मोरांवरून झालेल्या खटल्यातील अँटिफॉनच्या भाषणात पाळणाऱ्याची कोंडी नेमकी मांडलेली आहे : मोकळे सोडले तर ते उडून जातील, पंख छाटले तर ज्यासाठी पाळले ते सौंदर्यच जाईल.

४/ रोमनांनी त्यांचा धंदाच केला. व्हॅरोने इ.स.पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात मोरपालनावर स्वतंत्र प्रकरण आहे. मोरांपासून वर्षाला ६०,००० सेस्टर्स मिळवणारा लुर्को त्यात भेटतो. मेजवानीत मोर प्रथम वाढणारा म्हणून वक्ता हॉर्टेन्शिअसचे नाव येते. कोंबडीखाली मोराची अंडी उबवण्याची युक्तीही तेथे नोंदलेली आहे.

५/ भारतात मोर ताटातही होता आणि अंगणातही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखानुसार राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख कोरला त्या काळी ही संख्या तिनावर आली होती : दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे राजा जाहीर करतो. सर्वांत शेवटी सुटणाऱ्यांत मोर असावा, ही गोष्ट बोलकी आहे.

६/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोर राजवाड्याच्या रक्षणव्यवस्थेचा भाग आहे. मांजर, मुंगूस आणि मोर आवारात सोडावेत, ते साप खातात, असा सल्ला तेथे आहे. क्रियापद ‘सोडणे’ आहे, ‘कोंडणे’ नव्हे. ज्या पक्ष्यांना अभय द्यावे त्यांच्या यादीतही कौटिल्याने मोराचे नाव घातले आहे.

७/ आता महाराष्ट्राकडे वळू. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत एक व्याधवधू आहे. तिच्या सवतींच्या अंगावर गजमोती आहेत, तिच्या कानावर नुसते मोरपीस. तरी तोऱ्यात वावरते ती हीच. नव्या नवरीच्या नादात नवऱ्याची हत्तीची शिकार सुटून मोरावर आली, हा त्यातला खट्याळ अर्थ. सातवाहनांचे पैठण अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेजारचेच. तेथील पैठणीच्या पदरावर मोर आजही विणला जातो.

८/ आठव्या शतकातील भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या उत्तररामचरितातील तिसरा अंक जनस्थान-पंचवटीत घडतो. तेथे राम एका मोराला पाहतो. सीतेने त्याला लहानपणापासून वाढवलेले आणि टाळ्यांच्या तालावर नाचवलेले असते. राम त्याला पोटच्या पोरासारखे आठवतो. कालिदासाच्या मेघदूतातही यक्षाची पत्नी कंकणांच्या नादात, टाळीवर मोर नाचवते.

९/ जातक, कालिदास, भवभूती : तिन्हीकडे टाळी का असावी? मोराचे नृत्य हे मूलतः प्रियाराधन आहे. विणीच्या हंगामात नर ठरावीक मोकळ्या जागी पिसारा उभारतो, थरथरवतो. लांडोरी हिंडून नर पारखतात. मग माणसाच्या टाळीवर पाळीव मोर का नाचावा? एक सयुक्तिक उत्तर विसाव्या शतकातील प्राणिवर्तनशास्त्र देते.

१०/ व्हिएन्नाच्या शॉनब्रुन प्राणिसंग्रहालयात एका वीणीतील एकटे वाचलेले मोराचे पिल्लू थंडीपासून जपण्यासाठी महाकाय कासवांच्या उबदार दालनात ठेवले गेले. कोनराड लॉरेन्झने नोंदवले आहे की मोठेपणी तो मोर लांडोरींकडे पाहीना. आयुष्यभर त्याने कासवांपुढेच पिसारा फुलवला. पिल्लू ज्यांच्यात वाढते त्यांनाच आपले मानते. या कलाला शास्त्रज्ञ ‘अनुमुद्रण’ म्हणतात.

११/ या प्रकाशात काव्यातील टाळीवर नाचणारा मोर थोडा करुण दिसू लागतो. शेतात सापडलेली अंडी आणून कोंबडीखाली उबवणे हा दयाळूपणा वाटतो. परंतु अशा पिल्लाला कोंबडीची आणि माणसाची संगत कळते, मोराची कळत नाही. रानात कशाला भ्यावे, हेही त्याला शिकवणारे कोणी नसते.

१२/ मोराची खरी गरज तीन गोष्टींत सामावते. रात्री बसायला उंच झाड. लांडोरीला अंडी घालायला झुडपांची आडोशाची जमीन, कारण तिचे घरटे जमिनीवर असते आणि सुमारे २८ दिवस ती एकटीच उबवते. आणि जवळ पाणी. पावसाळ्याच्या अखेरीस नराचा पिसारा आपोआप गळतो व पुढच्या हंगामापर्यंत नवा येतो. पिसासाठी मोर धरण्याचे कारणच उरत नाही.

१३/ कायदाही येथे स्पष्ट आहे. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. त्याला पकडणे, मारणे, घरी कोंडणे किंवा त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. विलायतेत मोर बागेत हौसेने पाळतात, त्यांची चित्रे पाहून आपण अनुकरण करू नये.

१४/ मग मोराचा सहवास हवा असेल तर? शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे एक उत्तर. पेशवाईत येथे चिंचा लावल्या गेल्या आणि त्यांच्या आश्रयाने मोर आले, असे गावकरी सांगतात. मोर तेथे शेतात, ओट्यावर, छपरावर वावरतात; लोक दाणापाणी ठेवतात. पिंजरा नाही. शासकीय वाट पाहायची तर शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य आहे.

१५/ आता हिवरे बाजार. पर्जन्यछायेतील, जेमतेम ४०० मिमी पावसाचे हे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, माणसे रोजगारासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानातून डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, पाझर तलाव झाले, झाडे लागली. सोबत नियम आले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी. पुढे शेतीसाठी बोअरवेलवरही बंदी आली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला.

१६/ हे नियम मोरासाठी केलेले नाहीत. ते पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी आहेत. पण बारावा मुद्दा शेजारी ठेवून पाहा. कुऱ्हाडबंदीने उंच झाड राहते. चराईबंदीत गवत कापून नेता येते, गुरे मोकाट सोडता येत नाहीत. त्यामुळे जमिनीवरचा आडोसा टिकतो. चर आणि बोअरवेलबंदीने पाणी शिवारात राहते. मोराची तिन्ही निकड ग्रामसभेच्या ठरावांत भागते.

१७/ एक अवघड बाजू लपवू नये. मोर पेरलेले बी उकरतो, कोवळे कोंब खुडतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडत नाही आणि कीटकनाशक चोळलेले बियाणे खाऊन मोर मेल्याच्या घटनाही घडतात. नाच मोराचा आणि नुकसान शेतकऱ्याचे, अशी वाटणी फार काळ चालणार नाही. झाडे व पाणी राखण्याचा नियम गाव एकत्र पाळते, तसा हा तोटाही एकट्यावर टाकून चालणार नाही.

१८/ शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. शेतात लांडोरीचे घरटे दिसले तर तेवढा तुकडा महिनाभर सोडून कापणी करा. अंडी हलवू नका. जखमी पक्षी आढळला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अँटिफॉनच्या काळची कोंडी अजून तशीच आहे : पक्षी पाळायला गेलो की पंख छाटावे लागतात. नियम पाळला तर ती वेळ येत नाही.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावात मोर कोणत्या झाडावर रात्री बसतात, हे प्रतिसादात जरूर लिहा.)