नाव, नाते आणि व्यक्ती : वंशसंशोधनातील ओळखनिश्चितीचा प्रश्न

पेशवे दफ्तरातील अठराव्या शतकाचे कागद वाचू लागलेल्या विद्यार्थ्यास एक अडचण फार लवकर भेटते. कागदात नुसते 'बाळाजी' असे नाव येते आणि हा बाळाजी कोणता ते ठरत नाही. बाळाजी विश्वनाथ हे पेशवे. त्यांचे नातू बाळाजी बाजीराव हेही पेशवे. भानू घराण्यात बाळाजी महादेव, आणि त्यांचे नातू बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस. एकाच राज्याच्या कारभारात, दोन घराण्यांत, असे चार बाळाजी आहेत.

हा योगायोग नव्हे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र होती. त्यामुळे वंशावळीत एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येणे हा नियमच समजावा. यावरून एक गोष्ट उघड होते. नामसाम्यावर विसंबून केलेली चूक ही लहानसहान नसते; ती सामान्यतः पुऱ्या दोन पिढ्यांची असते. जमीन कोणी कसली, वतन कोणी मिळवले, मूळ गाव कोणी सोडले, या साऱ्या हकिकती पन्नास वर्षे अलीकडे वा पलीकडे सरकतात, आणि तरीही वंशवृक्ष दिसावयास निर्दोष दिसतो.

नावामागे बापाचे नाव लावण्याच्या पद्धतीने हा घोटाळा पुष्कळसा टळतो. पण सर्वस्वी नव्हे. पहिल्या बाजीरावांचे नाव कागदांत 'बाजीराव बल्लाळ' असे येते आणि थोरल्या माधवरावांचे 'माधवराव बल्लाळ' असे. येथे 'बल्लाळ' म्हणजे बाळाजीच होय. हे ज्यास ठाऊक नाही तो बल्लाळ नावाचा एक पूर्वज शोधीत बसेल, आणि शोधणाऱ्यास असा पूर्वज कोठे ना कोठे सापडतोच. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, विश्वनाथाचा विसाजी ही रूपांतरेही याच जातीची. एका मनुष्याची दोन नावे आणि एका नावाची दोन माणसे, अशा दोन विरुद्ध दिशांनी संशोधकाची फसगत होते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने इतिहासाच्या अंगणात शिरण्याचे धाडस करावे ते एवढ्याचसाठी.

सामान्य कुटुंबांच्या बाबतीत तर कागद याहून तुटपुंजे असतात. तेथे दप्तरी शब्दांचा नेमका अर्थ हाच मुख्य आधार ठरतो. 'बिन' आणि 'वल्द' हे दोन्ही अरबी मूळचे शब्द 'अमक्याचा मुलगा' एवढेच सांगतात. त्यांविषयी सहसा वाद होत नाही. घोटाळा होतो तो इतरत्र. 'सखूबाई भ्रतार गणू' या नोंदीतील गणू हा सखूबाईचा नवरा. परंतु नावापुढचे नाव बापाचे, या सवयीने वाचणारा त्यास तिचा बाप करून मोकळा होतो. 'कोम' या शब्दानेही जुन्या कागदांत हेच नाते दाखविलेले असते. जमिनीच्या कागदांतील 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालन करणारा. तो मुलाचा चुलता असेल, मामा असेल, आई असेल. पण त्याच्या नावावरून त्यास मुलाचा बाप ठरविलेले वंशवृक्ष मी पाहिले आहेत. 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या नोंदीत थोरल्या भावाचे एकट्याचे नाव येते आणि धाकटे भाऊ कागदावरून नाहीसे होतात. पुढे त्या धाकट्यांचे वंशज आपला आजा शोधीत येतात आणि नाइलाजाने थोरल्यालाच आजा मानून परत जातात. शिवाय बराचसा मजकूर मोडीत. त्या लिपीत दोन शब्दांत अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि ती सहज वाचणारे आज थोडे उरले आहेत.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या करमणुकीचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हापासून खासरा पत्रके आणि गावनमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी हजारो कुटुंबांच्या दृष्टीने जिव्हाळ्याच्या झाल्या. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र नोंद सापडणे वेगळे आणि नोंदीतला मनुष्य आपलाच पूर्वज असल्याचे सिद्ध होणे वेगळे, हा भेद तेथे पदोपदी जाणवतो. एका गावात, एका आडनावाचे, एकाच नावाचे दोन पुरुष एकाच काळी असणे मुळीच दुर्मिळ नाही. अशा वेळी नाव बाजूस ठेवून शेताची चतुःसीमा, भाऊबंदांची नावे आणि मृत्यूचे वर्ष जुळते काय, हे पाहावे लागते. तीनही गोष्टी परस्परांवर अवलंबून नसलेल्या कागदांतून जुळल्या तरच ओळख पटली असे म्हणावे. एकाच कागदाच्या तीन नकला म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

आतापर्यंत सांगितलेल्या चुका नोंद अस्पष्ट असल्यामुळे होतात. नोंद अगदी स्पष्ट असूनही ती देणाऱ्याच्या हेतूमुळे ओळख संशयित होते, असाही एक प्रकार आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण सातारच्या छत्रपतींच्या घराण्यात सापडते.

शाहू महाराजांस पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी असे पुढे आणले की आपला पुत्र शिवाजी याचा एक मुलगा हयात आहे. १७१४ मध्ये कोल्हापुरास सत्तांतर होऊन ताराबाई व हा शिवाजी कैदेत पडले होते आणि शिवाजी कैदेतच वारला. त्याच्या मुलास जिवाच्या भीतीने गुप्तपणे बाहेर काढले व पुढे तो पानगावास बहीण दर्याबाई निंबाळकर हिच्याकडे वाढला, असे सांगण्यात आले. शाहू महाराजांनी ते मान्य केले. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निवर्तले आणि १७५० च्या जानेवारीत रामराजा गादीवर बसला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, तो पेशव्यांविरुद्ध आपल्या म्हणण्याप्रमाणे वागत नाही असे पाहून, ताराबाईंनी त्यास सातारच्या किल्ल्यावर कैद केले. पुढे सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस, नानासाहेब पेशव्यांशी समेट होत असता, त्यांनी खंडोबासमोर शपथेवर सांगितले की हा आपला नातू नव्हे, गोंधळ्याचा मुलगा आहे.

एकच साक्षीदार, दोन परस्परविरुद्ध विधाने, आणि दोहोंच्याही मागे त्या क्षणीचे राजकारण! शपथेचे विधान अधिक विश्वसनीय मानण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. कारण १७५० पूर्वी जशी नातू असण्याची गरज होती तशीच १७५२ मध्ये नातू नसण्याची होती. शाहू महाराजांची मान्यता हा स्वतंत्र पुरावा धरावा, तर ती मुख्यतः ताराबाईंच्याच सांगण्यावर उभी आहे. दर्याबाई ही तर घरचीच साक्षीदार. पेशव्यांनी रामराजास गादीवर कायम ठेवले, त्यावरून त्याचे राजेपण सिद्ध होते, पितृत्व नव्हे. माझ्या मते हा प्रश्न उपलब्ध कागदांनी कोणत्याही बाजूने सुटत नाही. तो सुटला असे भासविणाऱ्या वंशावळींनी मात्र अभ्यासकांची दिशाभूल केली आहे.

रामराजाच्या नंतर १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांच्या शाखेतून दत्तक आला, धाकटे शाहू म्हणून तो गादीवर बसला, आणि त्याचेच पुत्र प्रतापसिंह १८१८ नंतर सातारचे राजे राहिले. म्हणजे रक्ताचा धागा १७७७ मध्ये एकवार निश्चितपणे तुटला, तरी गादीचा धागा अखंड राहिला. आणि १८४८ मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले तेव्हा हा दुसरा धागा तोडला. वर्गात सातारच्या घराण्याचा वृक्ष काढून घेताना मी दत्तकाची रेघ दुहेरी काढावयास सांगतो. शिवाजी व रामराजा यांच्यामधील रेघ तुटक ठेवून तिच्याशेजारी ताराबाईंची दोन्ही विधाने सालांसह लिहावयास लावतो. विद्यार्थ्यांस ती तुटक रेघ फारशी आवडत नाही.