बॅकस्ट्रोक स्टार्ट
उताण्या पोहण्याच्या शर्यतीची पाण्यातूनच होणारी सुरुवात. स्पर्धक भिंतीकडे तोंड करून चौथऱ्याची दांडी दोन्ही हातांनी धरतो, पायांचे तळवे भिंतीला रोवतो. सूचना मिळताच अंग दांडीकडे ओढतो आणि इशाऱ्यासरशी डोके मागे टाकत, पाठीची कमान करून झेपावतो. खरा फायदा पुढच्या पाण्याखालच्या लाथांत असतो. 1988च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने सुमारे 30 मीटर पाण्याखालून जात 100 मीटरचे सुवर्ण जिंकले. पुढे त्यावर बंधन आले. आता 15 मीटरपर्यंत डोके वर यावेच लागते. नुसते उताणे पोहणे गडचिरोलीतल्या वैनगंगेसारख्या नदीच्या पात्रातही जमेल. ही झेप मात्र भिंतीशिवाय घोटता येत नाही. मेडले रिलेत बॅकस्ट्रोक पहिला येतो तो या पाण्यातल्या सुरुवातीमुळेच.