लीबिगला का जमलं नाही? यीस्ट, अमोनिया आणि एक जुनं भांडण

सकाळी बंद गोठ्यात शिरलं की डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. मूत्रातला युरिया शेणातल्या जिवाणूंच्या युरिएज विकरामुळे फुटतो आणि खतातला नत्र हवेत उडून जातो. माझ्या पीएच.डी.चा प्रश्न साधा आहे: उडण्याआधीच हा अमोनिया यीस्टला खाऊ घालता येईल का?

‘यीस्ट अमोनिया वापरतं’ हे आज पाठ्यपुस्तकातलं वाक्य आहे. पण त्यावरून केवढं भांडण झालं, ते माहीत आहे?

1860 मध्ये लुई पाश्चरने साखर, अमोनियम टार्ट्रेट आणि यीस्टची राख एवढ्यावरच यीस्ट वाढवून दाखवलं. म्हणजे यीस्टला आयतं प्रथिन लागत नाही. किण्वन ही सजीवाची क्रिया आहे, यासाठी हा भक्कम पुरावा होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगला ते पटेना. 1870 च्या सुमारास त्याने सांगितलं की हा प्रयोग आपल्याकडे जमत नाही. पाश्चरचं उत्तर: समिती नेमा, हवं तेवढं यीस्ट वाढवून दाखवतो! लीबिगने आव्हान घेतलं नाही. 1873 मध्ये तो वारला.

पाश्चर जिंकला, विषय संपला? नाही. 1901 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनला विल्डिअर्सने हाच प्रयोग केला. त्याला दिसलं, की विरजण जास्त घातलं तर यीस्ट वाढतं, अगदी थोड्या पेशी घातल्या तर वाढत नाही. विरजणाबरोबर काहीतरी सेंद्रिय जात होतं. त्याला त्याने ‘बायॉस’ नाव दिलं. पुढे कळलं की हा एक पदार्थ नाही, अनेक आहेत; त्यातलाच एक बायोटिन. 1936 मध्ये क्योग्लने 250 किलो वाळलेल्या अंड्याच्या बलकातून जेमतेम 1.1 मिलिग्रॅम बायोटिन वेगळं केलं. पाश्चरने टाचणीच्या डोक्याएवढं यीस्ट घातलं होतं. दिसायला कणभर, पण त्यातही लाखो पेशी! लीबिगचं अपयश कदाचित खोटं नव्हतंच.

आता माझं ऐका. पहिल्यांदा मी शेण-मूत्राच्या काल्यात नुसतं यीस्ट घातलं. अमोनिया कमी झालाच नाही. अमिनो आम्लं बनवायला यीस्टला कार्बनही लागतो, आणि शेणातलं सेल्युलोज त्याला पचत नाही. मग साखर कारखान्याची मळी घातली. अमोनिया घटला! मी खूश. गाइडनी एवढंच विचारलं, “यीस्टशिवाय नुसती मळी घातलेली बादली कुठंय?”

ती लावली, तर तिथेही अमोनिया घटला. जिवाणूंनी साखरेचं आम्ल केलं होतं, आणि आम्लात अमोनिया अमोनियम होऊन द्रवातच राहतो. म्हणजे यीस्टचं खरं श्रेय दोन बादल्यांमधल्या फरकाएवढंच. सध्या तोच फरक मोजतोय.

तेव्हा प्रयोगवहीत ‘थोडं यीस्ट घातलं’ असं कधी लिहू नका. किती पेशी, कशात वाढवलेल्या, धुतलेल्या की नाही, सगळं लिहा. त्या ‘थोडं’मध्ये बायॉस चाळीस वर्षं लपून बसला होता.